रात्रीच्या टपालाचे विमान

नकाशावर नागपूर आणि चेन्नईच्या विमानतळांमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती चंद्रपूरच्या पश्चिम अंगाला जवळजवळ शिवून जाते. पुढे वर्धा नदी, राजुरा-गडचांदूरचा पट्टा, माणिकगडचे डोंगर आणि मग थेट आसिफाबाद. जंगल, कोळसा आणि उन्हाळा यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या जिल्ह्याचा विमानांशी संबंध काय, असे कुणी विचारले तर मी त्याला ही रेघ दाखवतो. कारण एके काळी या वाटेवरून रात्री विमान जात असे आणि त्याच्या पोटात पत्रे असत.

जानेवारी 1949 मध्ये देशात रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे आणि चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. दिल्लीच्या विमानातली मद्रासची थैली मद्रासच्या विमानात, कलकत्त्याच्या विमानातली मुंबईची थैली मुंबईच्या विमानात. मग चारही विमाने आपापल्या गावी परत निघायची आणि सकाळच्या वाटपाला पत्र हातात पडायचे. मोजके प्रवासीही असत. ऑक्टोबर 1973 पर्यंत ही सेवा चालली. सगळा देश झोपलेला असताना देशाच्या मध्यावर, दिव्यांच्या उजेडात, माणसे पाठीवर थैल्या घेऊन एका विमानातून दुसऱ्या विमानाकडे जात आहेत, हे चित्र मला फार आवडते; स्वतंत्र भारताच्या पहिल्या वर्षांतली फार थोडी चित्रे मला इतकी आवडतात. त्यात भाषण नाही, झेंडा नाही. काम आहे, आणि ते उजाडायच्या आत संपवायचे आहे.

मी टपाल खात्यात लागलो तेव्हा ही सेवा बंद होऊन काही वर्षे लोटली होती. पण नागपूरच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, जुनी माणसे होती. रात्रपाळीत चहाच्या वेळी त्यांच्या बोलण्यात 'नाइट मेल'चा विषय निघायचा. विमानाला उशीर झाला की पुढच्या गाड्या कशा चुकत, पावसात थैल्या ताडपत्रीखाली कशा न्यायच्या, लाखेचे सील फुटले तर किती चौकशी होई. मला त्यातले एक वाक्य पक्के लक्षात राहिले. एक वयस्क सॉर्टर म्हणाले होते, "थैलीत काय आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणूनच ती जास्त सांभाळायची."

निवृत्तीनंतर मुलीने पुण्याहून डाकोटाच्या मॉडेलचा एक जुना खोका पाठवला. मला लहान मॉडेलांची आवड आहे हे तिला माहीत होते. हा मात्र साधा खोका नव्हता. साचा कित्येक दशकांपूर्वीचा, प्लास्टिक थोडे ठिसूळ, एका पंखाला पीळ पडलेला, डीकॅलचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या अक्षरांचा, कागद पिवळा पडून तडकलेला. मॉडेल करणारे असा खोका बघितला की आधी बाजूला ठेवतात. मीही ठेवला असता. पण झाकणावर डाकोटा होते, आणि सोनेगावच्या त्या रात्री सुरुवातीची वर्षे डाकोटांवरच चालल्या होत्या.

डाकोटा म्हणजे डग्लस कंपनीचे डीसी-3 आणि त्याचे लष्करी भावंड सी-47. या घराण्याचे पहिले विमान 17 डिसेंबर 1935 ला उडाले. डाकोटाला दोन इंजिने, प्रत्येकी 14 सिलिंडरची आणि साधारण 1200 अश्वशक्तीची. पंखांचा पसारा 29 मीटरच्या आसपास. शेपटीखाली छोटे चाक, त्यामुळे जमिनीवर नाक वर करून उभे राहणारे. महायुद्धात लष्करासाठी अशी दहा हजारांहून अधिक विमाने बनली आणि युद्ध संपल्यावर ती जगभर स्वस्तात विकली गेली. भारतात उरलेल्या लष्करी डाकोटांना बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने प्रवासी विमानांचे रूप दिले आणि नव्याने निघालेल्या विमान कंपन्यांचा संसार त्यांच्यावर उभा राहिला. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरच्या धावपट्टीवर शीख रेजिमेंटचे जवान उतरले तेही डाकोटांमधूनच. धुळीच्या पट्टीवर उतरणारे, थोडक्या दुरुस्तीत पुन्हा उडणारे, ओझ्याची कुरकुर न करणारे हे विमान होते. टपाल खात्याला असाच गडी लागतो.

माझ्या खोक्याचे प्रमाण 1:72. ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांना हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे फूट-इंचाचा सरळ हिशेब आहे. सहा फूट म्हणजे 72 इंच, म्हणून सहा फुटी माणूस या जगात बरोबर एक इंच उंच होतो. इंग्लंडमध्ये 1930 च्या दशकात हे प्रमाण रुळले आणि युद्धात आपली नि शत्रूची विमाने ओळखायला शिकवण्यासाठी जी मॉडेले बनली त्यांतही ते वापरले गेले. या प्रमाणात डाकोटाचे पंख 40 सेंटिमीटर भरतात. मी कुतूहलाने उरलेल्या जगालाही 72 ने भागून पाहिले. नागपूर ते चेन्नई हे हवाई अंतर साधारण 900 किलोमीटर. भागल्यावर साडेबारा. म्हणजे चंद्रपूरहून निघालात तर बल्लारपूर यायच्या आत मद्रास येते.

कामाला सुरुवात केली ती कानशीने. जुन्या साच्यात विमानाच्या अंगावरचे रिव्हेट उठावाचे केलेले होते, आणि त्यातला एकेक ठिपका 72 ने गुणला तर खऱ्या विमानावर दोन-दोन सेंटिमीटरचे गोळे उठलेले दिसले असते. खरा रिव्हेट विमानाच्या पत्र्यावर जेमतेम जाणवतो. त्यामुळे ते सगळे ठिपके पॉलिश पेपरने, पाण्यात भिजवून, घासून काढायचे आणि पत्र्यांच्या जोडाच्या रेषा सुईने पुन्हा कोरायच्या. हे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. माझ्या दृष्टीने सगळ्या छंदाचा गाभा इथेच आहे. रेषा कोरताना तुम्हाला कळते की इथे पत्रा संपतो आणि दुसरा सुरू होतो, इथे तेलाची टाकी तपासायचे झाकण आहे, इथून मेकॅनिक हात घालायचा. छायाचित्र पाहून जे दिसत नाही ते बोटांना कळते. पीळ पडलेला पंख गरम पाण्यात धरून हळूहळू सरळ केला. तो सरळ झाला, पण पुन्हा वळू नये म्हणून आतून पितळी तार बसवली.

मग आतली बाजू. खोक्यात वैमानिकांच्या दोन खुर्च्या होत्या आणि बाकी विमान पोकळ. टपालाचे विमान पोकळ कसे सोडायचे? मी थैल्या करायला घेतल्या. टिश्यू पेपरचे लहान चौकोन कापायचे, त्यात साबुदाण्याएवढा कापूस ठेवायचा, तोंड शिवणकामाच्या दोऱ्याने आवळायचे आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ओली असतानाच एकमेकांवर टाकायची, म्हणजे ती आपल्या वजनाने चेपून बसते. खरी थैली हातभर उंच धरली तर ही नखाएवढी होते. वाळल्यावर मळकट खाकी रंग, गाठीवर लाखेचा एक लाल ठिपका. तो ठिपका द्यायला ब्रश चालत नाही, टाचणीचे टोक लागते. काही थैल्या जाड, काही रिकामटेकड्या. सगळ्या सारख्या केल्या असत्या तर त्या टपालाच्या वाटल्या नसत्या. ज्याने आयुष्यभर थैल्या उघडल्या आहेत त्याला हे सांगावे लागत नाही. दिवाळीच्या आधीची थैली वेगळी बसते आणि जूनमधली वेगळी.

बायकोने एकदा शेजारी बसून हे पाहिले आणि विचारले, "एवढं करता खरं, पण विमान बंद झाल्यावर आत कोण डोकावणार?" प्रश्न बरोबर होता. डाकोटाच्या शरीराचे दोन अर्धे भाग असतात. आतले काम संपवून ते एकदा चिकटवले की पुन्हा उघडत नाहीत, कारण पॉलिस्टिरीनचा सिमेंट हा डिंक नसतो. तो प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतो. त्यानंतर छोट्या खिडक्यांतून, विजेरी धरली तर, दोन-चार गाठी दिसतात. बाकीच्या थैल्या आत आहेत हे मला माहीत आहे आणि आता तुम्हाला. पण टपालाचे सगळे कामच असे चालत आले. पत्र लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये जे घडते ते कुणी पाहत नाही. त्यातली एक गाठ सुटली असती तर मात्र सगळ्यांना दिसली असती.

शरीर बंद झाले की जोडावर लांबी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, पुन्हा बघायचे. इथपर्यंत ऋतूचा संबंध येत नाही. रंग आला की येतो, आणि चंद्रपुरात तर फारच येतो. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर असतो. तेव्हा एअरब्रशमधून निघालेला थेंब विमानापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर खसखशीसारखे दाणे बसतात. कूलर लावला तर हवा ओली होते. पावसाळ्यात चकचकीत लॅकर मारला तर त्यात हवेतली वाफ अडकून तो पांढुरका धुरकट होतो, आणि दिवा पाहून आलेले किडे ओल्या रंगावर उतरतात ते वेगळेच. वर्षभर सोबत असते ती कोळशाची धूळ. खाणी, औष्णिक वीज केंद्र, कोळशाचे ट्रक. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर दुपारी बोट फिरवले तर काळे होते. पांढऱ्या विमानावर तिचा एक कण पुरतो. म्हणून रंगकामाचा आमचा हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र एवढाच. त्याआधी फरशी पुसायची, पडदे ओले करायचे, पंखा बंद करायचा, रंग मारला की विमान डब्याखाली झाकायचे.

डाकोटाचा रंग हीच सर्वांत अवघड बाजू, कारण त्याला रंगच नाही. उघड्या ॲल्युमिनियमचे अंग. ते कसे साधावे याबद्दल मला सर्वांत नेमका सल्ला मिळाला तो चंद्रपुरातल्या बंगाली कॅम्पकडच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून. गाड्यांच्या बंपरला तो जो चांदी रंग देतो तो बघून मी विचारले होते. त्याने मॉडेल हातात घेतले, उजेडाकडे तिरपे धरले, जोडावरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाला, "काका, चांदी काही लपवत नाही जी. पांढऱ्यात लांबी लपते. चांदीत नखाचा ओरखडापण दिसते. आधी काळा मारा, चकचकीत काळा. त्यात तोंड दिसलं पाहिजे. मंग चांदी, एकदम पातळ." काळ्यात तोंड दिसेपर्यंत मी घासत राहिलो. त्यावर ॲल्युमिनियम रंगाचे विरळ थर बसले तेव्हा प्लास्टिक नाहीसे झाले आणि धातू आला. काही पत्रे एक छटा गडद, काही फिकट, कारण खऱ्या विमानावरही सगळे पत्रे एका दिवशी बदललेले नसतात. पंखांच्या मागच्या कडेचे आणि शेपटीचे हलणारे भाग डाकोटावर कापडाचे असत, त्यामुळे तिथे धातूची चमक द्यायची नाही, राखी चांदी द्यायची. हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते दिसते. पण ज्याला माहीत नाही त्यालाही काहीतरी खरे आहे एवढे जाणवते, असा माझा विश्वास आहे.

हे घासण्याचे, झाकण्याचे, वाट पाहण्याचे काम चालू असताना मनात त्या विमानाखालचा मुलूख येत राहिला. मद्रासकडे निघालेल्या वैमानिकाला सोनेगाव सोडल्यावर साधारण अर्ध्या तासात चांदा लागत असेल. शहराचे नाव तेव्हा चांदा होते. त्याच्या डाव्या हाताला, पूर्वेला, वैनगंगेच्या पलीकडे आलापल्ली, एटापल्ली, भामरागडचे जंगल. वीज नाही, म्हणून दिवे नाहीत. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. तोवर हा सगळा भाग आमच्याच जिल्ह्यात होता. दिल्लीहून निघालेले पत्र एका रात्रीत नागपूरला यायचे. तिथून रेल्वेने चांद्याला. मग मोटारीने अहेरीच्या बाजूला. आणि मग रनर. खांद्यावर थैली, हातात काठी, नाल्याला पाणी असेल तर उतरेपर्यंत काठावर बसून राहायचे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड आजही तुटते. विमानाने वाचवलेले तास नदीच्या काठावर खर्च व्हायचे. ते तास वाया गेले असे मी म्हणणार नाही. रनरच्या थैलीतले पत्र जितक्या लवकर त्याच्यापर्यंत आले, तितके ते पुढच्या गावी लवकर पोचले. साखळीतली एक कडी ढिली होती म्हणून बाकीच्या कड्या घट्ट करायच्या नाहीत, असे कोणत्याही कामात चालत नाही.

15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या महाराष्ट्राचे, संस्कृतात लिहिणारे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. त्या सहा आकड्यांनी जंगलातल्या गावाला दिल्लीच्या गल्लीइतकेच नेमके स्थान दिले. रात्रीचे विमान त्यानंतर फार काळ राहिले नाही, पण त्या दोन गोष्टींमागची वृत्ती एकच होती: पत्ता कितीही आड असो, तिथवर जायचेच.

गडचिरोलीत आता विमानाचे अप्रूप वेगळ्या वाटेने आले आहे. निवडणुकीत दुर्गम केंद्रांवरची मतदान पथके हेलिकॉप्टरने जातात. जिल्ह्यात वर्षानुवर्षे रेल्वेचे स्थानक वडशाला एकच, त्यामुळे दक्षिणेकडच्या पुष्कळ मुलांनी रेल्वेच्या आधी हेलिकॉप्टर पाहिले. नोकरीत असताना त्या भागातल्या एका आश्रमशाळेत मी कागदाची विमाने करून दाखवली होती, तेव्हा एका मुलाने माझ्या हातातले विमान घेऊन त्यावर पेन्सिलने फिरता पंखा काढला. त्याच्या लेखी उडणाऱ्या वस्तूला तो असायलाच हवा होता.

आता पुन्हा माझ्या डाकोटाकडे. मॉडेले अर्धवट का राहतात, यावर या छंदातले लोक पुष्कळ बोलतात. प्रत्येकाच्या कपाटात असा एखादा खोका असतो. माझे मत असे की हात कमी पडला म्हणून मॉडेल क्वचितच अडते. ते अडते शेवटी, निर्णय घ्यायची वेळ आली की. खोक्यात 'डाकोटा' असते. जगात नुसते डाकोटा कधीच नव्हते. एक विशिष्ट विमान होते, त्याची विशिष्ट नोंदणी अक्षरे होती, त्याच्या विशिष्ट पत्र्यावर विशिष्ट डाग होता, आणि एखाद्या विशिष्ट रात्री ते उभे होते. मॉडेल पुरे करायचे म्हणजे त्या हजारो विमानांतून एक निवडायचे आणि बाकीची सोडून द्यायची. तोवर ते काहीही होऊ शकते, आणि ही काहीही होऊ शकण्याची अवस्था सुखाची असते. माझे विमान चांदी रंगात, अक्षरांवाचून, बराच काळ डब्याखाली राहिले ते या कारणाने.

निवड मला करायची होती आणि ती मला आधीपासून माहीत होती. 12 डिसेंबर 1953 ला, विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन काही महिनेच झाले असताना, इंडियन एअरलाइन्सचे एक डाकोटा नागपूरहून मद्रासला निघाले आणि उड्डाणानंतर लगेच कोसळले. 13 जण गेले. वैमानिक तेवढा वाचला. त्या रात्री ते विमान आमच्या रेघेवरून जाणार होते. अर्ध्या तासाने चांद्याच्या आसपास कुणी जागे असते, तर त्याला आवाज ऐकू आला असता. आला नाही, आणि आला नाही हे कुणाच्या लक्षात येण्याचे कारणही नव्हते.

अपघात झालेल्या विमानाची अक्षरे मॉडेलवर घालावीत का, हा प्रश्न सोपा नाही. काही जण ते अशुभ मानतात, काही जण मृतांच्या खासगी दुःखात घुसणे मानतात, आणि दोन्ही भावना मला समजतात. माझा निर्णय टपाल खात्याच्या एका जुन्या रीतीने केला. विमान पडले आणि त्यातून पत्रे वाचली, तर जगभरच्या टपाल खात्यांत ती फेकून देत नाहीत. कडा जळालेली असो, शाई पसरलेली असो, त्यावर अपघाताचा शिक्का मारून ती ज्याची त्याला पोचवतात. उशीर झाला म्हणून पत्ता रद्द होत नाही. मी त्या विमानाची अक्षरे घातली. पिवळ्या पडलेल्या डीकॅलचा उपयोग नव्हता, म्हणून मास्किंग टेपमध्ये एकेक अक्षर कोरून काळ्या रंगाने उमटवले. व्हीटी, आडवी रेघ, आणि पुढची तीन. पडलेले विमान मी केलेले नाही. निघण्याआधीचे केले आहे: सोनेगावच्या फरशीवर नाक वर करून उभे, डाव्या बाजूचे मालाचे दार उघडे, दाराशी थैल्यांची हातगाडी.

ती हातगाडी काटेसावरीच्या लाकडाची आहे. मॉडेल विमाने प्लास्टिकची व्हायच्या आधी बाल्सा लाकडाची होत असत आणि एनसीसीच्या हवाई शाखेतली मुले अजूनही बाल्सावरच हात बसवतात. बाल्सा येते दक्षिण अमेरिकेतून, पण वनस्पतिशास्त्रात ती आपल्या काटेसावरीच्याच कुळातली. आमच्या जंगलात काटेसावरीला तोटा नाही. तिचे हलके लाकूड आगपेटीच्या काड्यांना जात असे. ब्लेडने ते कापायला फार गोड आहे, रेषा धरून चालते. परक्या विमानाशेजारी इथल्या झाडाची एक वस्तू असावी असे मला वाटले.

हातगाडीशेजारी दोन माणसे आहेत, एक इंच उंचीची. एकाने थैली पाठीवर घेतली आहे, दुसरा दारातून हात पुढे करून ती घेतो आहे. त्यांच्या अंगावर खाकी दिली, डोक्यावर एकाला मफलर दिला, कारण डिसेंबरात नागपूरची थंडी असते. चेहरे मात्र मी रंगवले नाहीत, नुसती सावली दिली. विमानाची अक्षरे सापडतात, इंजिनाचे सिलिंडर सापडतात, पत्र्याचे जोड सापडतात. कारखान्याचे कागद असतात, अपघाताचे अहवाल असतात, जाणकार असतात. पण 1949 पासून 1973 पर्यंत रात्रीमागून रात्री ज्यांनी सोनेगावला थैल्या उतरवल्या, मोजल्या, चढवल्या, पावती फाडली आणि उजाडताना सायकलने घरी गेले, त्यांना कुणी कारखान्याच्या वस्तूइतकेही टिपून ठेवलेले नाही. चौदा सिलिंडर नेमके करताना मला याची टोचणी लागली होती, आणि मॉडेल पुरे झाल्यावरही ती गेलेली नाही.

म्हणून ही विनंती. नागपूरला, चंद्रपूरला किंवा आणखी कुठे तुमच्या घरी कुणी त्या काळी आरएमएसमध्ये, विमानतळावर, टपालाच्या मोटारीवर रात्रपाळी केलेली असेल, आणि ते आज ऐंशी-नव्वदीत असतील, तर त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा. अल्बम काढा. एखाद्या फोटोत मागे विमान असेल, पुढे हसणारी माणसे असतील. कोण कुठे उभे आहे ते त्यांना विचारा आणि फोटोच्या मागे नावे लिहून ठेवा. पेन्सिलने लिहा, शाई कागदातून पुढे उमटते.